फेज पोर्ट्रेट म्हणजे काय? मोबाईलवर डिफरन्शियल इक्वेशनचं चित्र कसं काढायचं आणि कसं तपासायचं

बारावी सायन्सच्या गणित भाग २ मध्ये डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे अवकल समीकरणं, पहिल्यांदा भेटतात. तिथे प्रश्न एकच असतो: समीकरण सोडवा आणि सूत्र काढा. पुढे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला गेल्यावर कळतं की खऱ्या मशीनची बरीच समीकरणं सूत्रात सुटतच नाहीत. मग काय करायचं? तर त्यांचं चित्र काढायचं. त्या चित्राला म्हणतात फेज पोर्ट्रेट.

आज हे चित्र हातातल्या फोनवर दोन मिनिटांत निघतं. पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा: सॉफ्टवेअर चुकीचं चित्रही तितकंच सुबक काढतं. म्हणून या लेखात चित्र कसं काढायचं हे तर पाहूच, पण ते बरोबर आहे का हे कसं ओळखायचं तेही पाहू.

फेज पोर्ट्रेट म्हणजे नक्की काय?

उदाहरणासाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जाऊ. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची, आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. आज तिथे आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या शेजारी प्रेस, लेथ, कॉम्प्रेसर चालणारे गाळेही आहेत.

समजा एका गाळ्यात रबर पॅडवर बसवलेली पॉवर प्रेस आहे. ठोका पडला की मशीन वरखाली हलतं. प्रश्न साधा आहे: ते हलणं आपोआप शांत होणार, चालूच राहणार, की वाढत जाणार? पहिलं उत्तर आलं तर ठीक. तिसरं आलं तर फाउंडेशन बोल्ट सैल होणार.

मशीनची कोणत्याही क्षणाची अवस्था सांगायला दोन आकडे पुरतात:

- क्ष = मशीन आपल्या मूळ जागेपासून किती सरकलं आहे
- य = त्या क्षणी त्याचा वेग किती आहे

आता कागदावर आडवा अक्ष क्ष चा आणि उभा अक्ष य चा घ्या. मशीनची प्रत्येक अवस्था म्हणजे या कागदावरचा एक बिंदू. मशीन हललं की बिंदू सरकतो आणि मागे एक वाट उमटते. वेगवेगळ्या सुरुवातींपासून निघालेल्या अशा अनेक वाटा एकाच कागदावर काढल्या की झालं फेज पोर्ट्रेट.

लक्षात घ्या, यात वेळेचा अक्ष नाही. वेळ बाणांच्या दिशेत लपलेली असते. नेहमीचा आलेख एका सुरुवातीचं भविष्य सांगतो, तर फेज पोर्ट्रेट सगळ्या सुरुवातींचं भविष्य एकदम दाखवतं. ही कल्पना फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे यांनी १८८१ पासूनच्या लेखांमध्ये मांडली. कॉम्प्युटर तेव्हा नव्हताच, त्यामुळे सगळं काम डोक्याने आणि हाताने.

समीकरण दोन ओळींत कसं लिहायचं?

स्प्रिंग आणि डॅम्पिंग असलेल्या मशीनचं समीकरण दुसऱ्या ऑर्डरचं असतं. सॉफ्टवेअरला मात्र पहिल्या ऑर्डरच्या दोन ओळी लागतात. क्ष′ (वाचा: क्ष डॅश) म्हणजे क्ष बदलण्याचा वेग. सोयीसाठी वस्तुमान आणि स्प्रिंगचा कडकपणा १ धरू:

क्ष′ = य
य′ = −क्ष − ०.२ य

पहिली ओळ म्हणजे फक्त व्याख्या: जागा बदलण्याचा वेग म्हणजेच य. दुसऱ्या ओळीतलं −क्ष हे स्प्रिंगचं मागे ओढणं आणि −०.२ य हे रबर पॅडचं डॅम्पिंग. या लेखातलं मुख्य उदाहरण हेच. ॲपमध्ये टाइप करताना क्ष च्या जागी इंग्रजी एक्स, य च्या जागी इंग्रजी वाय आणि आकडे इंग्रजीत टाका.

चित्र वाचायचं कसं?

जिथे क्ष′ आणि य′ दोन्ही शून्य असतात, तो समतोल बिंदू. तिथे ठेवलेली अवस्था तिथेच राहते. आपल्या उदाहरणात तो (०, ०), म्हणजे मशीन शांत उभं. त्याच्या आजूबाजूला वाटा कशा वागतात यावरून त्याचे प्रकार पडतात:

- स्थिर स्पायरल: वाटा गोल फिरत आत येतात. मशीन हलत हलत शांत होतं.
- अस्थिर स्पायरल: वाटा फिरत बाहेर जातात. हलणं वाढत जातं.
- नोड: वाटा न फिरता आत येतात किंवा बाहेर जातात. दाराला लावलेला डोअर क्लोजर दार हेलकावे न देता बंद करतो, तसं.
- सेंटर: बंद वेटोळी. डॅम्पिंग अजिबात नाही, हलणं कायम तेवढंच.
- सॅडल: घोड्याच्या खोगिरासारखा आकार. एका दिशेने वाटा जवळ येतात, दुसऱ्या दिशेने निसटतात.

प्रकार हाताने ओळखायची युक्तीही आहे. समीकरणं क्ष′ = अ क्ष + ब य आणि य′ = क क्ष + ड य अशी असतील, तर दोन आकडे काढा. पहिला: बेरीज = अ + ड. दुसरा: डिटर्मिनंट = अड − बक.

- डिटर्मिनंट ऋण असेल तर सॅडल.
- डिटर्मिनंट धन आणि बेरीज ऋण असेल तर स्थिर. बेरीज धन असेल तर अस्थिर.
- डिटर्मिनंट धन आणि बेरीज शून्य असेल तर सेंटर.
- बेरजेचा वर्ग डिटर्मिनंटच्या चौपटीपेक्षा लहान असेल (आणि बेरीज शून्य नसेल) तर स्पायरल.

आपल्या मशीनसाठी अ = ०, ब = १, क = −१, ड = −०.२. म्हणजे बेरीज −०.२ आणि डिटर्मिनंट १. बेरजेचा वर्ग ०.०४, जो ४ पेक्षा लहान आहे. निकाल: स्थिर स्पायरल. अजून थोडं गणित केलं तर कळतं की प्रत्येक फेरीनंतर हलणं आधीच्या साधारण ५३ टक्के उरतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फोनवर कसं काढायचं: जिओजेब्रा

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जिओजेब्रा. फुकट आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये जिओजेब्रा क्लासिक उघडा आणि पुढच्या पायऱ्या करा. कमांडची नावं रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करायची.

१. आधी उताराचं चित्र. स्लोपफील्ड ही कमांड घ्या आणि कंसात य′ भागिले क्ष′ लिहा, म्हणजे (−क्ष − ०.२ य) / य. स्क्रीनभर छोट्या रेघा दिसतील.

२. ए नावाचा बिंदू (२, ०) वर ठेवा.

३. आता सॉल्व्हओडीई कमांड. हिच्या कंसात क्रमाने सहा गोष्टी द्यायच्या: य′ ची राशी, क्ष′ ची राशी, ए चा एक्स, ए चा वाय, शेवटची वेळ (४० टाका) आणि पाऊल (०.१ टाका). क्रम नीट बघा, य′ आधी येतो.

४. एक स्पायरल दिसेल. आता बोटाने ए बिंदू ओढा. वाट तुमच्याबरोबर बदलते. दोन-तीन बिंदू घेऊन प्रत्येकाची वाट काढा, की पोर्ट्रेट तयार.

५. खरी मजा इथे आहे: ०.२ च्या जागी एक स्लायडर लावा, −१ ते ३ पर्यंत. शून्यावर बंद वेटोळी दिसतील. शून्याच्या खाली गेलात की वाटा बाहेर पळतील. शून्य ते २ मध्ये स्पायरल आणि २ च्या पुढे नोड. २ ला इंजिनिअरिंगमध्ये क्रिटिकल डॅम्पिंग म्हणतात.

स्लोपफील्डची एक मर्यादा मात्र जाणून घ्या. त्या रेघांना बाण नसतात. क्ष′ आणि य′ दोन्हींची चिन्हं उलटी केली तरी भागाकार तोच राहतो, म्हणून रेघाही त्याच राहतात. म्हणजे शांत होणारं मशीन आणि उधळणारं मशीन, दोघांचं स्लोपफील्ड हुबेहूब सारखं असू शकतं! फक्त रेघा बघून "स्थिर आहे" असं कधीच म्हणू नका.

बाणांसकट चित्र: पायथॉन आणि गूगल कोलॅब

गूगल कोलॅब फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. नम्पाय, मॅटप्लॉटलिब आणि सायपाय तिथे आधीच असतात. काम असं होतं:

१. नम्पायच्या मेशग्रिडने −३ ते ३ अशी समान अंतराची जाळी करा.
२. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर क्ष′ आणि य′ काढा. दोन ओळींचं काम.
३. मॅटप्लॉटलिबच्या स्ट्रीमप्लॉटला क्रमाने क्ष, य, क्ष′, य′ द्या. बाणांसकट वाहत्या रेषा मिळतात. सुटे बाण हवे असतील तर स्ट्रीमप्लॉटऐवजी क्विव्हर वापरा.
४. एखादी ठरावीक वाट हवी असेल तर सायपायचं सॉल्व्ह_आयव्हीपी वापरून ती त्याच चित्रावर काढा.

स्ट्रीमप्लॉट गर्दी टाळण्यासाठी रेषा मध्येच तोडतो. त्यामुळे सेंटरची वेटोळी तुटक दिसली तर घाबरू नका. एखादी वाट खरंच बंद होते का, हे ठरवायला सॉल्व्ह_आयव्हीपीची वाट बघा. आणि तिथेही रिलेटिव्ह टॉलरन्स कमी करा. मुळात तो एक हजारांश असतो, जो लांब पल्ल्याला पुरत नाही.

कॉलेजमध्ये असाल तर: सायलॅब आणि ऑक्टेव्ह

पवईच्या आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. सायलॅब हे त्यातलं एक. सायलॅबमध्ये एफचॅम्प ही कमांड थेट बाणांचं चित्र काढते आणि ओडीई ही कमांड वाट काढते. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पाचे अनेक धडे मराठी आवाजातही मिळतात. इंग्रजी व्हिडिओ बघून कंटाळलेल्यांनी जरूर बघावेत.

मॅटलॅब शिकवत असतील पण लायसन्स नसेल, तर जीएनयू ऑक्टेव्ह घ्या. क्विव्हर आणि ओडीई४५ दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच चालतात.

सॉफ्टवेअर कुठे फसवतं?

*१. पाऊल मोठं घेतलं तर.* अनेक कॉलेजांत पहिला प्रोग्रॅम ऑयलर पद्धतीचा असतो: नवी किंमत = जुनी किंमत + पाऊल × बदलण्याचा वेग. सोपी पद्धत आहे, पण आपल्या मशीनवर चालवून बघा.

डॅम्पिंग ०.२ असताना खरं उत्तर आहे स्थिर स्पायरल, प्रत्येक फेरीला ५३ टक्के. ऑयलरमध्ये पाऊल ०.२ घेतलं तर वाट आतही येत नाही, बाहेरही जात नाही. चित्र सांगतं की मशीन कधीच शांत होणार नाही. पाऊल ०.३ घेतलं तर वाट चक्क बाहेर जाते, प्रत्येक फेरीला साधारण ३६ टक्क्यांनी वाढत. मशीन तेच, समीकरण तेच, आणि निष्कर्ष पूर्ण उलटा!

डॅम्पिंग नसलेल्या मशीनवर ०.१ चं छोटं पाऊलही फसवतं. वेटोळं बंद व्हायला हवं, पण एका फेरीत ते ३७ टक्के मोठं होतं आणि पाच फेऱ्यांत ४.८ पट. म्हणून ऑयलर फक्त शिकण्यापुरता ठेवा. चौथ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टा पद्धत तेवढ्याच पावलात हे वेटोळं डोळ्याला बंदच दाखवते.

उपाय सोपा: पाऊल निम्मं करा आणि चित्र पुन्हा काढा. निष्कर्ष बदलला तर पहिलं चित्र फेकून द्या.

*२. खिडकी लहान ठेवली तर.* लोलकाचं समीकरण घ्या: क्ष′ = य, य′ = −साइन क्ष. इथे क्ष म्हणजे कोन, रेडियनमध्ये. −३ ते ३ च्या खिडकीत एकच समतोल बिंदू दिसतो, मधला. पण लोलक उलटा, डोक्यावर उभा असतो तो बिंदू आहे पाय, म्हणजे ३.१४ वर. खिडकीच्या अगदी बाहेर! खिडकी −७ ते ७ केली की दोन्ही बाजूंना सॅडल दिसतात आणि चित्राचा अर्थच बदलतो.

कडक सळ्यांचा, घर्षण नसलेला झोपाळा डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात खालच्या जागी वेग २ पेक्षा कमी असेल तर तो पुढेमागे झुलतो. २ पेक्षा जास्त असेल तर वरून पूर्ण गोल फिरतो. १.९ आणि २.१ मध्ये फरक थोडासाच, पण भविष्य वेगळं. या दोघांना वेगळं करणारी रेषा सॅडलमधून जाते. तिला सेपरॅट्रिक्स म्हणतात. लहान खिडकीत ही रेषा कुठून कुठे जाते हे कळतच नाही.

*३. दोन अक्षांचं माप वेगळं असेल तर.* वर्तुळ लंबगोल दिसतं. दोन्ही अक्षांचं माप सारखं करायची सेटिंग शोधा.

*४. सगळे बाण एकाच लांबीचे केले तर.* चित्र स्वच्छ दिसतं, पण कुठे वेग जास्त आणि कुठे कमी हे हरवतं. मग वेगासाठी रंग वापरा.

दोन मिनिटांची तपासणी

चित्र मित्राला किंवा सरांना पाठवण्याआधी एवढं करा:

- क्ष′ = य असेल तर वरच्या अर्ध्यात बाण उजवीकडे आणि खालच्या अर्ध्यात डावीकडे हवेत. म्हणजे फिरणं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटं दिसलं तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे.
- क्ष′ = ० आणि य′ = ० या दोन रेषा चित्रावर काढा. त्या जिथे छेदतात तिथेच समतोल बिंदू हवेत.
- एक बिंदू निवडून हाताने आकडे घाला. उदाहरणार्थ (१, १) वर क्ष′ = १ आणि य′ = −१.२. बाण उजवीकडे आणि खाली हवा.
- बेरीज आणि डिटर्मिनंटने काढलेला प्रकार चित्राशी जुळतो का बघा.

अजून दोन समीकरणं करून बघा

*व्हॅन डर पोल:* क्ष′ = य, य′ = (१ − क्ष²) य − क्ष. डच इंजिनिअर बाल्थाझार व्हॅन डर पोल यांनी १९२० च्या दशकात रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी हे अभ्यासलं. आतून निघा किंवा बाहेरून, दोन्ही वाटा एकाच बंद वेटोळ्यावर येतात. हे लिमिट सायकल. क्ष ची टोकं साधारण +२ आणि −२ वर येतात. लेथवर टूल किरकिरायला लागतं, ज्याला चॅटर म्हणतात, तेही असंच स्वतःहून टिकून राहणारं कंपन आहे. त्याचं खरं समीकरण यापेक्षा किचकट असतं.

*भक्ष्य आणि भक्षक:* क्ष′ = क्ष − क्ष य, य′ = −य + क्ष य. लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) यांचं हे समीकरण. क्ष ला चितळ आणि य ला बिबट्या समजा. (१, १) भोवती बंद वेटोळी येतात: आधी चितळ वाढतात, मग बिबटे, मग चितळ घटतात, मग बिबटे. पण हे फक्त मॉडेल आहे हं! येऊरच्या जंगलातला बिबट्या वस्तीजवळची कुत्रीही खातो, ते या दोन ओळींत कुठेच नाही. चित्र समीकरणाचं असतं, जंगलाचं नव्हे.

या विषयातलं आपलं नाव

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून माहीत असतं. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी मुळात गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि नंतर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये त्यांनी काम केलं. दुसऱ्या ऑर्डरच्या डिफरन्शियल इक्वेशनच्या वाटांची भूमिती हा त्यांचा विषय. १९३३ साली त्यांनी त्यावर लिहिलेल्या लेखातून पुढे जी उपपत्ती उभी राहिली, तिला कोसंबी-कार्टन-चर्न असं म्हणतात. शेजारी शेजारी निघालेल्या दोन वाटा जवळ राहतात की दुरावतात, हे तपासायला ती आजही वापरली जाते. तुम्ही फोनवर ए बिंदू किंचित सरकवून जे बघता, तोच प्रश्न.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फेज पोर्ट्रेटसाठी समीकरण सोडवावं लागतं का?*
सूत्रात नाही. प्रत्येक बिंदूवर बाण कुठे जातो एवढं कळलं तरी पुरतं. वाटा सॉफ्टवेअर आकड्यांनी काढतं.

*तीन चलं असतील तर?*
चित्र थ्रीडी होतं आणि वाचणं अवघड जातं. दोन चलांवर हात बसल्यावरच तिकडे वळा.

*वाटा एकमेकींना छेदताना दिसल्या, हे चालेल का?*
समीकरणात वेळ थेट येत नसेल आणि राशी साध्या गुळगुळीत असतील तर नाही. एका बिंदूतून एकच वाट जाते. छेद दिसला तर पाऊल मोठं आहे किंवा समीकरणच चुकीचं टाइप झालं आहे.

*साधा बजेट फोन चालेल का?*
हो. जिओजेब्रा आणि कोलॅब दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात. कोलॅबचं गणित तर गूगलच्या सर्व्हरवर होतं, फोनवर भार पडत नाही. फक्त नेट हवं.

*सुरुवात कुठून करू?*
जिओजेब्रा, वरचं मशीनचं समीकरण आणि डॅम्पिंगचा स्लायडर. शून्याच्या एका बाजूला मशीन शांत होतं आणि दुसऱ्या बाजूला उधळतं, हे एकदा स्वतःच्या बोटाने करून बघितलं की पुस्तकातलं "स्थिरता" हे प्रकरण वाचायला सोपं जातं.